आईला जहाज हवंय, विमान नको: आमच्या लाडक्या क्रूझ कंपनीला खुलं पत्र

मार्ग-नियोजन विभागातल्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

मी तुमची जुनी प्रवासी. आजवर पाच सफरी झाल्या, त्यातल्या तीन आईला घेऊन. प्रत्येक सफर संपली की तुमची प्रश्नावली येते आणि ती मी मनापासून भरते. जेवण, केबिन, कर्मचारी, संध्याकाळचे कार्यक्रम, सगळ्यांना भरभरून गुण देते, कारण ते त्या गुणांचे धनी आहेत. पण त्या प्रश्नावलीत एक प्रश्न कधीच नसतो: जहाजापर्यंत पोचलात कसे? तुम्ही तो विचारत नाही, म्हणून त्याचं उत्तर इथे, सगळ्यांसमोर लिहिते आहे. हे उत्तर माझ्या एकटीचं नाही, याची मला खात्री आहे. त्याच्यासोबत एक मागणीही आहे: आमच्या घराजवळच्या एखाद्या बंदरातून आम्हाला जहाजावर चढू द्या.

मागच्या सफरीला आम्ही घरातून निघालो तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते. आधी गाडी, मग एक विमान, मग पाच तासांची वाट, मग दुसरं विमान, आणि तुमच्या बंदराच्या गावात एक रात्र मुक्काम. आई 78 वर्षांची आहे. गुडघे कुरकुरतात, पण मन धडधाकट आहे. मधल्या विमानतळावर चाकाची खुर्ची ढकलणाऱ्या मुलाची पाळी संपली आणि त्याने आम्हाला एका रिकाम्या दारापाशी सोडलं. दुसरा माणूस यायला पाऊण तास लागला. पर्स मांडीवर घट्ट धरून आई बसून होती. मी पाण्याची बाटली पुढे केली तर तिने मान हलवली. तेव्हा मला कळलं, की तिने आदल्या संध्याकाळपासून पाणी जवळजवळ घेतलेलंच नाही. विमानातल्या त्या एवढ्याशा स्वच्छतागृहात आपल्याला उठून जावं लागू नये, म्हणून. मुक्कामाला पोचून तिच्या चपला काढल्या तेव्हा पावलं इतकी सुजली होती, की पट्ट्यांचे वळ उठले होते.

दुसरं विमान धुक्यामुळे चार तास उशिरा सुटलं. आम्ही एक दिवस राखून निघालो होतो म्हणून निभावलं. क्रूझचे सराईत प्रवासी नवख्यांना पहिला सल्ला हाच देतात: जहाज सुटायच्या दिवशी विमानाने येऊ नका, आदल्या दिवशी या. तास-दीड तास आधी चेक-इन बंद होतं आणि जहाज कुणासाठी थांबत नाही. थांबूही नये. पण या सल्ल्याचा अर्थ असा, की तुमच्या सात रात्रींच्या सफरीला लांबच्या माणसाला जाण्यायेण्याचे मिळून दहा-अकरा दिवस रजा काढावी लागते, आणि पुष्कळदा विमान नि हॉटेल यांचा खर्च जहाजाच्या तिकिटाच्या पुढे जातो.

आता जहाजावरचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय माझी मागणी तुम्हाला कळायची नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी जागी झाले तर आई केबिनमध्ये नव्हती. काठी दाराशी उभी होती. मी धावतच बाहेर पडले. ती पाचव्या डेकवर, कठड्याला हात लावून, सावकाश चालत होती. बोळाला दोन्ही बाजूंनी धरायला दांडे, लिफ्ट हाकेच्या अंतरावर, बसायला दर थोड्या अंतरावर खुर्ची, आणि पडलं-झडलं तर डॉक्टर चार मजले खाली. घरी अंगणापर्यंत जाताना कुणाचा तरी हात शोधणारी माझी आई तिथे एकटी फिरत होती. संध्याकाळी ती जहाजाच्या मागच्या टोकाला बसायची आणि पाण्यावर उमटत जाणारा पांढरा पट्टा बघत राहायची. एकदा म्हणाली, "खोली आपली, अंथरूण आपलं, आणि गावं दारात येतात. म्हाताऱ्या माणसाला आणखी काय हवं?" तुमच्या कुठल्याही जाहिरातीत मी याहून चांगलं वाक्य वाचलेलं नाही.

शेवटच्या रात्री बॅगांना रंगीत पट्ट्या लावून आम्ही त्या दाराबाहेर ठेवल्या. सकाळी उतरायच्या रांगेत आमच्यापुढे आईच्याच वयाचं एक जोडपं होतं. मी सहज विचारलं, तुमचं विमान किती वाजता? बाईंनी हसून सांगितलं, विमान कुठलं, आमची गाडी खाली उभी आहे, तासाभरात घरी पोचू, जेवायला घरीच. आई काही बोलली नाही. परतीच्या विमानात पट्टा बांधताना मात्र म्हणाली, "पुढच्या वेळी नको गं. मला जहाज हवंय, विमान नको."

ही तक्रार नव्हे. तुमच्या कुणाच्या हातून काही चुकलेलं नाही. पण जरा विचार करा. ज्याला विमानाचा त्रास होत नाही, त्याच्यापुढे सगळं जग खुलं आहे. तो डोंगरात जाईल, शहरात जाईल, वाटलं तर जहाजावरही येईल. ज्याला विमान झेपत नाही, त्याच्यासाठी जहाज हाच प्रवासाचा एकमेव सुखाचा प्रकार उरतो. गुडघे गेलेली माणसं, प्राणवायूचं यंत्र सोबत बाळगणारी माणसं, मोठ्या बॅटरीची चाकाची खुर्ची वापरणारी माणसं. या बॅटऱ्या विमानात न्यायच्या तर परवानग्या, कागदपत्रं आणि धाकधूक. तीच खुर्ची गाडीतून धक्क्यावर आली तर थेट रॅम्पवरून आत. सगळ्यांत सोयीचं वाहन तुम्ही बांधलं, आणि ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज, त्यांच्यापासून ते दोन विमानं लांब उभं केलं.

तुमच्या अडचणी मला माहीत नाहीत असं समजू नका. इतक्या सफरींत मी धक्क्यावर उभी राहून खूप काही पाहिलं आहे. वाटेतलं बंदर आणि जिथून सफर सुरू होते ते बंदर, यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. वाटेतल्या बंदराला एक मजबूत धक्का आणि बसगाड्यांना जागा असली की काम भागतं. सफर जिथून सुरू होते तिथे मात्र एकाच दिवशी हजारो माणसं उतरतात, तितकीच चढतात, त्यांच्या बॅगा यंत्रातून तपासल्या जातात, पासपोर्ट बघितले जातात, आठवड्याची शिधासामग्री भरली जाते, चादरी-टॉवेल बदलतात, इंधन आणि पाणी घेतलं जातं, कचरा उतरवला जातो. सकाळी सातला सुरू झालेलं हे सगळं दुपारी चार-पाचच्या आत उरकायचं असतं. हे पेलणारं बंदर उभं करायला पैसा लागतो, आणि प्रवासी येतीलच याची हमी कुणी देत नाही.

अंतराचंही गणित आहे. अमेरिकेतल्या मायामीहून बहामा बेटांवरचं नासाऊ सुमारे 185 सागरी मैल. संध्याकाळी सुटलेलं जहाज आरामात चालत सकाळी तिथे लागतं. तीन-चार रात्रींच्या सफरी अशाच ठिकाणाहून निघू शकतात. बंदर लांबचं असलं तर जहाजाला वेग वाढवावा लागतो, आणि वेग थोडा वाढला तरी इंजिनाला लागणारी शक्ती त्याहून कितीतरी जास्त वाढते: ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात. म्हणजे इंधनाचा खर्च भडकतो. हे मला कळतं. म्हणून तीन रात्रींच्या सफरीसाठी आमच्याकडे या, असं मी म्हणतच नाही. सात किंवा दहा रात्रींच्या सफरीत एक दिवस समुद्रात जास्त गेला तर आमच्यासारख्यांना त्याचं दुःख नाही. आईला तर समुद्रातलेच दिवस जास्त आवडतात.

बंदराची खोली पुरेशी नाही, असं एक उत्तर नेहमी मिळतं. पण तुमची जहाजं उंच असतात, खोल नसतात. 2024 च्या जानेवारीत मायामीहून निघालेलं आयकॉन ऑफ द सीज 365 मीटर लांब आणि 2,48,663 ग्रॉस टन आकारमानाचं आहे, तरी पाण्यात ते नऊ-सव्वानऊ मीटरच बसतं. मोठी कंटेनर जहाजं याच्या दीडपटीहून जास्त खोल बसतात. जिथे ती लागतात, तिथे खोलीचं कारण टिकत नाही. खरी अडचण कधी वळायला जागा नसण्याची असते, कधी पुलाची. फ्लोरिडातल्या टॅम्पाच्या वाटेवरच्या सनशाइन स्कायवे पुलाखाली जेमतेम 55 मीटर उंची मिळते, म्हणून तुमच्या व्यवसायातली सगळ्यात मोठी जहाजं त्या बंदरात शिरूच शकत नाहीत. तरीही टॅम्पा क्रूझचं बंदर म्हणून चालतंच, कारण तिथे मध्यम आकाराची जहाजं ठेवली जातात. ओएसिस ऑफ द सीज 2009 मध्ये फिनलंडच्या गोदीतून निघालं तेव्हा डेन्मार्कमधला 65 मीटर उंचीचा पूल त्याने धुरांडी खाली ओढून घेऊन पार केला होता. म्हणजे मनात आणलं की जहाजाचं नाकसुद्धा खाली करता येतं.

आम्हाला नवं जहाज नको. तुमच्या ताफ्यातलं वीस-पंचवीस वर्षांचं, दोन हजार माणसांचं, जलक्रीडा नसलेलं जहाज पाठवा. आईने आजवर एकदाही घसरगुंडी मागितलेली नाही.

आणि हे सगळं जमतं, याचे पुरावे तुमच्याच व्यवसायात आहेत. 11 सप्टेंबर 2001 नंतर अमेरिकेतली माणसं विमानात बसायला धजेनात. तेव्हा क्रूझ कंपन्या प्रवाशांची वाट बघत बसल्या नाहीत. त्यांनी जहाजं हलवली आणि लोकांना स्वतःच्या गाडीने पोचता येईल अशा बंदरांमधून सफरी वाढवल्या. टेक्ससमधल्या गॅल्व्हेस्टनहून 2000 साली एक जहाज नियमित सुटायला लागलं होतं. आज ते अमेरिकेतल्या सर्वांत गजबजलेल्या क्रूझ बंदरांपैकी एक आहे. गाडीने येणाऱ्या माणसांच्या जोरावर एक बंदर उभं राहिलं. ती माणसं आधीही तिथेच राहत होती. दारात जहाज लागेपर्यंत ती कुणाच्या हिशोबात धरलेली नव्हती, एवढंच.

मग महासाथ आली. सगळ्या जगाची जहाजं नांगर टाकून उभी राहिली. पुन्हा सुरुवात झाली ती कशी, आठवा. 2020 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सिंगापूरहून जहाजं निघाली, फक्त तिथल्याच रहिवाशांना घेऊन, समुद्रात फेरी मारून त्याच धक्क्यावर परत येणारी. 2021 च्या मे महिन्यात साउदम्प्टनहून ब्रिटनच्याच लोकांना घेऊन, ब्रिटनच्याच किनाऱ्याने सफरी सुरू झाल्या. त्याच जूनमध्ये नासाऊ, जे एरवी वाटेतलं बंदर, तिथूनच सफरी सुटायला लागल्या. लोक जहाजाकडे येऊ शकत नव्हते, तेव्हा जहाज लोकांकडे गेलं. दोन वर्षं आधी ठरलेली वेळापत्रकं बाजूला ठेवून हे केलं गेलं. माझ्या आईसाठी ती परिस्थिती अजून संपलेली नाही. ती जहाजाकडे येऊ शकत नाही.

आणखी एक प्रसंग मला विसरता येत नाही. 26 मार्च 2024 च्या पहाटे एका मालवाहू जहाजाची धडक बसून अमेरिकेतल्या बाल्टिमोरचा फ्रान्सिस स्कॉट की पूल कोसळला. माणसं गेली, बंदराची वाट बंद झाली. त्या वेळी सफरीवर असलेलं कार्निव्हल लेजंड हे जहाज रविवारी, 31 तारखेला, नॉरफोक या दुसऱ्या बंदराला लावलं गेलं आणि प्रवाशांना बसने बाल्टिमोरला पोचवलं. पुढच्या सफरीही काही काळ नॉरफोकहूनच निघाल्या. दुर्घटनेनंतर पाच दिवसांत एका जहाजाचं बंदर बदलता आलं. मी तर तुम्हाला दोन वर्षं देते आहे.

आता मुख्य मागणीकडे येते. मला वाटतं ती तुम्हाला सर्वांत सोपी जाईल.

पूर्ण जहाज आमच्या बंदरात आणून ठेवा, असं मी मागत नाही. तुमची एखादी गोल फेरी आमच्या किनाऱ्याजवळून जात असेल, तर तिच्या वाटेत आम्हाला चढू द्या. भूमध्य समुद्रात कोस्टा आणि एमएससी या कंपन्या हे वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. एकच जहाज आठवडाभर जेनोआ, मार्सेय, बार्सिलोना, रोमचं बंदर चिविताव्हेक्किया अशी प्रदक्षिणा घालतं, आणि प्रत्येक बंदरात काही माणसं उतरतात, काही चढतात. जेनोआच्या माणसाची सफर रविवारी सुरू होते, बार्सिलोनाच्या माणसाची मंगळवारी. जहाज तेच, फेरी तीच, प्रत्येकाला आपापल्या घराजवळून चढता येतं. एका बंदरावर हजारो माणसांचा भार पडत नाही. पाचशे माणसांची सोय करू शकणारं साधं टर्मिनलही पुरतं. आणि बंदर चाललं नाही तर तुमचं जहाज अडकून पडत नाही, एक थांबा गाळला की झालं.

मी अशा सफरीवर गेले आहे, म्हणून तिचे तोटेही सांगते. जहाजाला पहिला दिवस असा राहत नाही, सुटतानाचा तो एकत्र जल्लोष होत नाही. सूचना चार-पाच भाषांत होतात आणि कानाला थकवा येतो. तुमच्या लोकांवर कामाचा ताण रोजचा होतो. सुरक्षेची कवायत एकदाच घेऊन भागत नाही. 2012 मध्ये कोस्टा कॉनकॉर्डिया बुडालं, त्यानंतर नियम कडक झाले आणि 2015 पासून नव्याने चढलेल्या प्रवाशांची कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावी लागते. हे सगळं खरं. पण आता त्या कवायतीचा बराचसा भाग फोनवर आणि केबिनमधल्या टीव्हीवर होतो, आणि प्रत्यक्ष जमण्याच्या जागी जाऊन हजेरी लावायला दहा मिनिटं पुरतात. रोज दोनशे माणसांकडून ते करून घेणं तुमच्या शिस्तीच्या कंपनीला जड जाणार नाही.

खरं तर ही रीत तुमच्याच घराण्यातली आहे. विमानं नव्हती तेव्हा बोटी अशाच चालत. इंग्लंडहून पूर्वेकडे निघालेली बोट वाटेत मार्सेयला थांबायची. बिस्केच्या उपसागरात ज्यांना बोट लागायची, ते रेल्वेने युरोप ओलांडून मार्सेयला येत आणि तिथून चढत. माणसाला काय झेपतं आणि काय झेपत नाही, याचा विचार वेळापत्रकातच केलेला असायचा.

तेही जमत नसेल, तर एक धाकटी मागणी आहे. वर्षातून दोनदा, ऋतू बदलला की तुम्ही जहाजं एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात हलवता. अशा वेळी ती कितीतरी किनाऱ्यांसमोरून जातात, जिथे एरवी तुमचा पायही लागत नाही. त्या फेऱ्यांत समुद्रातले दिवस जास्त म्हणून केबिनी भरायला तुम्हाला भाव उतरवावा लागतो. मग त्या वाटेवर एक दिवस थांबा. एक दिशा जहाजाने आणि एकदाच विमान, एवढ्यावर कितीतरी घरांतली म्हातारी माणसं तयार होतील. आईला मी विचारलं. थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "एकदाच असेल तर बघू." तिच्या भाषेत हा होकार आहे.

कायद्याचा प्रश्न आहे, हेही ठाऊक आहे. अनेक देश परदेशी निशाणाच्या जहाजाला आपल्याच दोन बंदरांमध्ये माणसं नेऊ देत नाहीत. अमेरिकेचा तसा कायदा 1886 चा आहे, आणि त्याच्यामुळेच कॅलिफोर्नियाहून हवाईला जाणारी जहाजं वाटेत मेक्सिकोतल्या एन्सेनाडाला शिवून येतात. पण 2021 मध्ये कॅनडाची बंदरं बंद होती तेव्हा अलास्काच्या सफरींसाठी त्याच कायद्याला तात्पुरती सवलत मिळाली होती. सरकारांना समजावून सांगणारं कुणी असलं की वाट निघते. तुम्ही बोललात तर ऐकलं जाईल. माझ्यासारखीने पत्र लिहिलं तर पोचपावती येते.

बंदरांच्या गावांत राहणाऱ्यांची बाजू मी विसरलेले नाही. 2021 च्या ऑगस्टपासून व्हेनिसच्या ज्युडेका कालव्यातून मोठ्या जहाजांना बंदी झाली, आणि ती योग्यच होती. अलास्कातल्या जुनोने 2024 पासून दिवसाला पाचच मोठी जहाजं घ्यायची असं ठरवलं. जहाज आलं की गर्दी येते, धूर येतो, आणि घराच्या खिडकीसमोर वीस मजली भिंत उभी राहते. विमानाचा धूर वाचेल असं सांगून मी जहाजाचा धूर झाकणार नाही. म्हणून माझी मागणी अर्धी तुमच्याकडे आणि अर्धी बंदर चालवणाऱ्यांकडे आहे: धक्क्यावर विजेची सोय करा, म्हणजे उभ्या जहाजाला इंजिन चालू ठेवावं लागणार नाही. जुनोमध्ये ही सोय 2001 पासून आहे. युरोपातल्या मोठ्या बंदरांमध्ये 2030 पासून प्रवासी जहाजांना ती वापरावीच लागणार आहे. जिथे नव्याने टर्मिनल बांधायचं आहे, तिथे हे पहिल्या दिवसापासून करता येईल. आणि आठवड्याला एक जहाज, मध्यम आकाराचं, एवढं गावाला सोसतं. एकाच दिवशी पाच नकोत.

तुमच्यासमोर नकाशा असेल आणि त्यावर तुमच्या प्रवाशांचे पत्ते. बुकिंग करताना आम्ही ते देतोच. एकदा तो नकाशा उघडा आणि बघा, तुमच्या निवडक चार-पाच बंदरांपर्यंत विमानाने यावं लागणारे किती आहेत. मग हेही बघा, की त्यांपैकी किती जण तीन-चार सफरींनंतर यायचे थांबले. जे थांबले त्यांचं वय बघा. ते तुमच्यावर नाराज झालेले नाहीत. दुसऱ्या कंपनीकडेही गेलेले नाहीत. ते घरी आहेत. त्यांना एक मेल पाठवून विचारा, की जहाज तुमच्या घरापासून दोन-तीन तासांवर लागलं तर याल का? हा प्रश्न विचारायला टर्मिनल लागत नाही, की सरकारची परवानगी लागत नाही.

सुरुवातीला हंगामात सहा फेऱ्या पुरे. समुद्र शांत असतो ते महिने निवडा. पहिल्या फेरीत केबिनी रिकाम्या राहिल्या तर लगेच निष्कर्ष काढू नका. ज्यांनी प्रवासाचा विचारच सोडून दिला आहे, त्यांच्यापर्यंत बातमी पोचायला वेळ लागतो. दांडे लावलेल्या रुंद दाराच्या केबिनी मात्र पहिल्या आठवड्यात संपतील, हे मी आजच लिहून देते. त्या जास्त असलेलं जहाज पाठवा.

तुमची वेळापत्रकं दीड-दोन वर्षं आधी जाहीर होतात, हे लक्षात ठेवूनच आज लिहिते आहे. येत्या हंगामाचं सगळं ठरलं असेल. त्यापुढच्या हंगामाचं अजून पेन्सिलीने लिहिलेलं असावं.

आईच्या पासपोर्टची मुदत आणखी तीन वर्षं आहे. मागच्या सफरीची रंगीत पट्टी तिने बॅगेवरून काढू दिलेली नाही.

आपली,
एक नेहमीची प्रवासी